कॅमेरा बसवला, पण घड्याळ कुणी पाहिले?

आमची इमारत चेंबूरच्या बाजूची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळालेली, सात मजल्यांची. राहणारे म्हणजे महापालिकेचे सफाई कामगार, रिक्षा चालविणारे बंधू, चार घरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनी आणि माझ्यासारखे दोन-चार कारकून. मी बी.कॉम. झालेला, म्हणून सोसायटीचा हिशेब माझ्याच गळ्यात पडलेला आहे. चार वर्षांपूर्वी इमारतीतून दोन सायकली आणि पाण्याची एक मोटर चोरीला गेली, तेव्हा सर्वानुमते वर्गणी काढून आठ कॅमेरे बसविले. कुणी वर्गणी दोन हप्त्यांत दिली, कुणी भिशी उचलून दिली. तीन दरपत्रके आली होती. त्यातले सर्वात स्वस्त आम्ही निवडले. त्यावर सही माझी होती, म्हणून हा लेख लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरून एकाची मोटारसायकल गेली. तिचे हप्ते अजून फिटायचे होते. कमिटीची माणसे रेकॉर्डरसमोर बसली. पडद्यावर दिसले की रेनकोट घातलेला, डोक्यावर टोपी असलेला एक सडपातळ इसम गाडी ढकलत फाटकाबाहेर नेतो आहे. कोपऱ्यात वेळ होती ५ वाजून ४० मिनिटे. चेहरा दिसत नव्हता. पण चेहऱ्याची गरज कुणाला वाटलीच नाही, कारण त्या वेळेला आमच्या इमारतीतून एकच मुलगा बाहेर पडतो. तो घरोघर वर्तमानपत्रे टाकतो आणि रात्रीच्या कॉलेजात शिकतो. कुणीतरी पडद्याचेच मोबाईलवर चित्रण केले आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकले. रात्रीपर्यंत "तोच तो" असे ठरूनही गेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मुलाला बोलावले आणि दुपारपर्यंत बसवून ठेवले.

तिसऱ्या दिवशी मुलाची आई माझ्या दारात आली. "जयभीम भाऊ. मला ते सगळं दाखवा. नुसता तुकडा नको. माझा पोरगा चोर निघाला तर मीच त्याला ठाण्यात नेऊन देते."

आम्ही दोघे सोसायटीच्या कार्यालयात बसलो. मी तोच तोच तुकडा पुन्हा दाखवीत होतो. त्या म्हणाल्या, "पुढं जाऊ द्या." पुढे पुढे जाता जाता पंपवाला आला आणि त्याने मोटर चालू केली. पडद्यावर वेळ होती ८ वाजून ३२ मिनिटे.

"भाऊ, मोटर तर सहाला चालू होते. ह्यात साडेआठ कसे?"

मी पुन्हा निरखून पाहिले. पडद्यावर साडेआठ वाजले होते आणि आकाश तर नुकते कुठे उजाडत होते. रेकॉर्डरचे घड्याळ अडीच तास पुढे होते. म्हणजे मोटारसायकल गेली ती पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी. आणि खऱ्या ५ वाजून ४० मिनिटांना, म्हणजे पडद्यावरच्या ८ वाजून १० मिनिटांना, तो मुलगा आपली सायकल काढताना, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलताना स्वच्छ दिसत होता. अंगावर रेनकोट नव्हता, हातात छत्री होती.

हे अडीच तास आले कुठून? बरीचशी यंत्रे चीनमध्ये तयार होतात आणि तिथलीच वेळ लावून येतात. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. बसविणाऱ्याने ते बदलायचे असते. त्याने बदलले नाही, आम्ही पाहिले नाही. चार वर्षे आठ कॅमेरे खोटी वेळ लिहीत होते आणि आम्ही वार्षिक सभेत त्यांच्या देखभालीचा खर्च मंजूर करीत होतो.

गाडी मिळाली नाही. पोलिसांनी मूळ रेकॉर्डिंग मागितले ते नवव्या दिवशी, आणि तोवर ते पुसले गेले होते. ते का पुसले गेले ते पुढे सांगतो. त्यानंतर मी हा विषय शिकायचे ठरविले. दोन शनिवार लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून हिंडलो. वस्तीतला एक तरुण हेच काम करतो, त्याच्याबरोबर शिडी धरायला गेलो. जे समजले ते आपल्या घरांना, दुकानांना आणि सोसायट्यांना उपयोगी पडेल म्हणून मांडतो आहे.

किती कॅमेरे, हा प्रश्नच चुकीचा

आपण दुकानात जाऊन पहिल्यांदा विचारतो, "चार कॅमेऱ्यांचा सेट कितीला?" आणि दुसरा प्रश्न, "किती मेगापिक्सेल?" खरे तर आधी घरी बसून ठरवायला हवे की मला कुठे काय दिसायला हवे आहे. कुणीतरी आले-गेले एवढे कळले की पुरे, की अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू आला पाहिजे? ह्या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकाच कॅमेऱ्याने दोन्ही भागत नाहीत.

ह्याचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. ह्या धंद्यातले मान्य मोजमाप असे की अनोळखी चेहरा खात्रीने ओळखायचा असेल तर एक मीटर रुंदीच्या जागेवर २५० ठिपके पडायला हवेत. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. १९२० भागिले २५० केले की साडेसात मीटरच्या आसपास उत्तर येते. म्हणजे चित्रात साडेसात मीटर रुंदीची जागा मावत असेल तोवरच चेहरा पक्का ओळखू येतो. आता सेटमध्ये सरसकट मिळते ती २.८ मिलिमीटरची भिंग. ती साधारण १०० अंशांचा पसारा पाहते. तिच्यासमोर तीन मीटरवरच एवढी रुंदी होते. त्यापलीकडे माणूस दिसतो, पण तो कोण हे सांगता येत नाही. आमचे फाटक कॅमेऱ्यापासून नऊ मीटरवर होते!

दुकानदार सांगतो, मग चार मेगापिक्सेलचा घ्या. घेतला तर तीन मीटरचे फार तर सव्वाचार होतात. त्याऐवजी दोनच मेगापिक्सेलचा, पण ६ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा घेतला तर तो फक्त ५० अंश पाहतो आणि आठ मीटरपर्यंत चेहरा देतो. आजूबाजूचे त्याला दिसत नाही हे खरे, पण फाटकातून येणाऱ्याला दुसरी वाट नसते. तेव्हा भिंग किती मिलिमीटरची हे दरपत्रकावर लिहून मागा. आम्हाला आलेल्या तीनही दरपत्रकांत तो आकडा नव्हता.

उंचीचेही तसेच. चोराचा हात पोचू नये म्हणून आमचे कॅमेरे बारा फुटांवर टांगले होते. तिथून टोप्या, टकले आणि छत्र्या दिसतात. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा सात-आठ फुटांवर, माणूस जिथे थांबतो किंवा वळतो तिथे हवा. सर्वसाधारण देखरेखीचे कॅमेरे वर राहिले तरी चालेल. दाराच्या आत बसवून बाहेरच्या उजेडाकडे तोंड केले तर येणारा नुसता काळा दिसतो. ह्यावर 'डब्ल्यूडीआर' नावाची सोय असते, ती आहे का विचारावे. रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकतो आणि चित्र काळे-पांढरे होते, म्हणून गाडी लाल होती की निळी हे त्यातून कळत नाही. शेजारी पांढरी भिंत असेल तर तो उजेड तिच्यावरून उलटून सगळे चित्र पांढुरके होते. भिंगेसमोर कोळ्याने जाळे विणले तरी तेच. दिवसा कुणाला पत्ता लागत नाही, रात्री मात्र कॅमेरा आंधळा. कोरड्या मऊ फडक्याने महिन्यातून एकदा पुसायला काहीच खर्च येत नाही.

तार, वीज आणि डिस्क

नेटवर्क कॅमेरे दोन तऱ्हेचे घेतले जातात. एक वायफायवर चालणारा, आत मेमरी कार्ड असणारा. एका खोलीच्या घराला किंवा टपरीला तो पुरतो. पण चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाते, आणि वीज गेली की राउटर बंद पडून मोबाईलवर काही दिसत नाही. घ्यायचाच तर सतत लिहिण्यासाठी बनविलेले कार्ड घ्या. मोबाईलमधले जुने कार्ड त्यात घालू नका, ते लवकर निकामी होते.

दुसरी तऱ्हा तारेची. तिला 'पीओई' म्हणतात. एकाच तारेतून कॅमेऱ्याला वीज जाते आणि त्याच तारेतून चित्र येते. वेगळा इलेक्ट्रिकचा पॉइंट लागत नाही. तार शंभर मीटरपर्यंत चालते. सगळी वीज एका ठिकाणाहून जात असल्यामुळे तिथे एक यूपीएस लावला की दिवे गेले तरी सगळे कॅमेरे चालू राहतात. सोसायटी, कारखाना, गोदाम ह्यांनी हीच घ्यावी असे माझे मत झाले आहे. मात्र तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार त्याच रंगाच्या वेष्टनात मिळते. लांब अंतरावर तिच्यातून पुरेशी वीज पोचत नाही आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. ओळखायची कशी? आतला धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरे निघाले तर ती ॲल्युमिनियम.

आता पुसल्या गेलेल्या रेकॉर्डिंगचे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आजच्या पद्धतीने, म्हणजे एच.२६५ ने, सेकंदाला सरासरी २० लाख बिट लिहितो असे धरा. आठ बिटांचा एक बाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार केला की एका कॅमेऱ्याला दिवसाला २१.६ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांना १७२.८ जीबी. आमच्या रेकॉर्डरमध्ये डिस्क होती एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची. सहा दिवसही भरत नाहीत! डिस्क भरली की यंत्र जुन्यावर नवे लिहीत जाते. पोलीस नवव्या दिवशी आले, मग त्यात त्यांना काय सापडणार? हा हिशेब मी चार वर्षांपूर्वी पाच मिनिटांत करू शकलो असतो. पतपेढीचे व्याज पैशापर्यंत काढणारा माणूस मी, पण यंत्राचा हिशेब करायचा असतो हेच सुचले नाही. आता चार टीबीची डिस्क टाकली आहे, सुमारे तेवीस दिवस मिळतात. डिस्क संगणकाची साधी नको, देखरेखीच्या कामासाठी म्हणून वेगळी येते तीच घ्यावी.

"हालचाल झाली तरच रेकॉर्ड" अशी सोय लावून दिवस वाढविता येतात, पण पावसाच्या धारा आणि हलणारी फांदी ह्यांनाही यंत्र हालचालच समजते, आणि कधी खरी हालचाल सुटते. फाटकाच्या कॅमेऱ्याला ती लावू नये.

आपल्या कॅमेऱ्यातून कोण पाहते?

हा भाग आमच्या भगिनींनी जरूर वाचावा.

नेटवर्क कॅमेरा म्हणजे डोळा असलेला छोटा संगणक. तो इंटरनेटला जोडला की जगातून कुठूनही त्याचे दार ठोठावता येते. कारखान्यातून येताना त्याला जो पासवर्ड असतो तोच आपण ठेवला, तर दाराला कुलूप लावून किल्ली कुलपालाच टांगून ठेवल्यासारखे होते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने नेमका ह्याच आळसाचा फायदा घेतला. कारखान्याचे साठएक ठरावीक पासवर्ड लावून पाहत त्याने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचाच मारा अमेरिकेतील 'डिन' ह्या कंपनीवर झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या सेवा कित्येक तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना ह्याची गंधवार्ताही नव्हती.

ती दूरची गोष्ट वाटत असेल तर जवळची सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीला आले की राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांच्या तपासणीची दृश्ये इंटरनेटवरून विकली जात होती. बातम्यांनुसार तिथल्या यंत्रणेचा पासवर्ड होता 'ॲडमिन१२३'. त्या मायबहिणींनी कुणाचे काय घोडे मारले होते? तपासणीच्या खोलीत कॅमेरा मुळात लावलाच का, हा प्रश्न पासवर्डच्याही आधीचा आहे.

आपली घरे लहान. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, झोप, कपडे बदलणे, बाळाला पाजणे सगळे एकाच जागी होते. अशा घराच्या आत कॅमेरा बसवू नये, असे मी स्पष्ट सांगतो. दाराबाहेर लावा. आजारी म्हाताऱ्या आईवर लक्ष ठेवायला लावायचाच असेल तर तिला विचारून लावा आणि घरात माणसे आली की त्याचा प्लग काढा. बाईच्या खाजगी क्षणाचे तिच्या संमतीविना चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. कॅमेरा शेजाऱ्याच्या दाराकडे, न्हाणीच्या खिडकीकडे वळलेला नसावा. जागाच अशी असेल तर चित्राचा तेवढा भाग कायम काळा ठेवायची सोय यंत्रात असते, ती बसविणाऱ्याकडून करून घ्या. भावाभावांच्या एकत्र घरातही कुणी एकाने मनाला येईल तसे कॅमेरे लावू नयेत. राहत्या भागात सहनिवाशाच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील फेटाळले.

दुकानदार बंधूंनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. गल्ल्यावरचा कॅमेरा हात आणि ड्रॉवर दाखवील असा हवा, पण गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे देताना जो पिन दाबते तो त्यात दिसता कामा नये.

बसविणारा काम संपवून निघायच्या आत, तुमच्या समोर पासवर्ड बदलून घ्या. नवा पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, त्याला सांगू नका. लांबलचक ठेवा, मुलीचे नाव किंवा मोबाईल नंबर नको. त्याच्या मोबाईलमध्ये चाचणीसाठी तुमचे कॅमेरे जोडलेले असतात, ते काढायला लावा. आमच्याकडे चार वर्षे ते त्या बसविणाऱ्याच्या फोनवर दिसत होते असे नंतर कळले. त्याने काही गैर केले असे मी म्हणत नाही, पण आमच्या जिन्यात कोण कधी येते-जाते हे एका परक्या माणसाला दिसत होते. कमिटीत ज्यांना पाहायचे त्यांना वेगवेगळे नाव आणि पासवर्ड द्यावा, म्हणजे कुणी काय पाहिले, काय काढून नेले त्याची नोंद राहते. यंत्राच्या आतला प्रोग्राम कंपनी वेळोवेळी दुरुस्त करते, तो वर्षातून एक-दोनदा नवा करून घ्यावा.

खरेदीच्या वेळी आणखी एक पाहावे. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी अशा सुरक्षेच्या अटी अधिसूचित केल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. सरकारच्या एसटीक्यूसी संचालनालयामार्फत किंवा मान्य प्रयोगशाळेत तपासणी होते. तेव्हा खोक्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा आणि नेमक्या त्याच मॉडेलच्या तपासणीचा कागद मागा. किमती रोज बदलतात, म्हणून इथे देत नाही. परंतु ज्याचे बिल मिळत नाही आणि ज्यावर नाव-गाव नाही, तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

पुरावा म्हणून काय चालते?

मोबाईलवर पडद्याचे केलेले चित्रण म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. घटना कळताच त्याच दिवशी मूळ फाइल यंत्रातून पेन ड्राइव्हवर काढावी, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तासही घ्यावा. आमच्याकडे मुलगा सुटला तो ह्या "नंतरच्या" तासांमुळेच. त्या क्षणी रेकॉर्डरचे घड्याळ आणि आपले घड्याळ ह्यांत किती फरक आहे ते कागदावर लिहून दोघांनी सही करावी. चोरी मोठी असेल तर डिस्कच काढून बाजूला ठेवावी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा फाइलीबरोबर ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचा 'हॅश' लिहितात. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. फाइलमध्ये तसूभर फरक केला तरी तो बदलतो. प्रमाणपत्राचे महत्त्व आपल्याच जालन्याच्या खटल्यात ठरले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर ह्यांचा उमेदवारी अर्ज वेळ टळल्यावर स्वीकारला गेला, असा कैलास गोरंट्याल ह्यांचा आक्षेप होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा. तिथेही भांडण घड्याळाचेच! १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमाणपत्र आवश्यकच आहे, मात्र ते मिळविण्यासाठी पक्षकाराने सर्व प्रयत्न केले आणि अधिकाऱ्यांनीच दिले नाही, तर त्याला त्याची शिक्षा देता येणार नाही. म्हणून जे मागायचे ते लेखी मागावे आणि पोच घ्यावी.

हे पोलीस ठाण्यालाही लागू आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला की प्रत्येक ठाण्याच्या दारात, कोठडीत, वऱ्हांड्यात कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपले पाहिजे. ठाण्यात कुणाला मारहाण होऊन गंभीर इजा झाली तर मानवी हक्क आयोगाकडे किंवा मानवी हक्क न्यायालयाकडे तक्रार करता येते, आणि त्यांना ते रेकॉर्डिंग तातडीने मागविता येते. आमच्या मुलाला कुणी हात लावला नाही. पण त्याची आई त्या दिवशी ठाण्याच्या बाकावर चार तास बसून होती, तेव्हा हे तिला सांगायला आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हते.

ग्रुपवरचे चित्रण ज्याने टाकले त्याने ते गुपचूप काढले. "चुकलो" असे मात्र कुणी लिहिले नाही. सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला की रेकॉर्डिंग अध्यक्ष, सचिव आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्या घरचे एक माणूस एकत्र बसूनच पाहतील आणि ते ग्रुपवर टाकता येणार नाही. दोघांनी विरोध केला, पण ठराव मंजूर झाला. फाटकावर साडेसात फुटांवर ६ मिलिमीटरचा एक कॅमेरा नव्याने लावला आणि बाकीचे जुनेच ठेवले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घड्याळ तपासतो, एक जुना दिवस उघडून रेकॉर्डिंग खरोखर होते आहे का पाहतो आणि वहीत नोंद करतो. गेल्या महिन्यात पाच क्रमांकाच्या कॅमेऱ्याची तार उंदरांनी कुरतडलेली सापडली. ती बदलायची आहे, आणि ह्या वेळी तार खरवडून पाहिल्याशिवाय बिलावर सही करणार नाही.